भारा आणि डोंगर : मराठी रानलेखनाविषयी काही प्रश्न

१

गेल्या वर्षी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी 'डोंगरातील एक दिवस' हा निबंध लिहायला दिला. आजऱ्याच्या मुलांना डोंगर शोधत जावे लागत नाही. वर्गाच्या खिडकीतून तो दिसतो, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत तर तो वर्गात शिरतो. असे असूनही बहुतेक वह्यांत जो डोंगर उतरला होता तो आजऱ्याचा नव्हता. त्यात सोनेरी सूर्योदय होता, खळखळणारे झरे होते, पाखरांची किलबिल होती, आणि 'निसर्गाच्या कुशीत मन हरखून गेले' हे वाक्य निदान वीस वह्यांत होते. मुले पाठ्यपुस्तकातला डोंगर लिहीत होती. दोष त्यांचा नव्हता. चांगला निबंध कसा असतो हे त्यांना शाळेपासून असेच शिकवलेले आहे, आणि शिकवणाऱ्यांत मीही आहे.

एका वहीत मात्र सव्वा पानच मजकूर होता. ही मुलगी बौद्धवाड्यातली, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. तिने लिहिले होते की सुट्टीच्या दिवशी आई, मावशी आणि ती पहाटे जळणाला डोंगरात जातात. जाताना बोलत जातात, कारण माणसाचा आवाज कानावर पडला की जनावर आपणहून बाजूला होते. येताना डोक्यावर भारा असतो, मान वळवता येत नाही, म्हणून मागच्या बाईने बघायचे आणि पुढच्या बाईने चालायचे असे ठरलेले असते. गवा आडवा आला तर भारा खाली टाकायचा, पळायचे नाही, वाट त्याला द्यायची. एकदा गवा आडवा आला तेव्हा आईने भारा टाकला नाही. दोरी शेजारणीची होती, टाकून आलो तर ती भरून द्यावी लागली असती. आई भाऱ्यासकट झाडाला टेकून उभी राहिली. गवा निघून गेला. शेवटी तिने लिहिले होते, 'डोंगरात काय छान दिसते असे विचारले तर मला वाळलेले लाकूड छान दिसते.'

मी तिला दहापैकी तीन गुण दिले आणि खाली शेरा मारला : विषयांतर. निसर्गवर्णन नाही.

पुढे आठ-दहा दिवसांनी वर्गात प्रवासवर्णन शिकवण्याची तयारी करताना तो शेरा मला टोचू लागला. माझी आजी जळणाच्याच भाऱ्यावर घर चालवत होती. तिच्या डोक्यावरची चुंबळ आमच्या घरात अजून खुंटीला आहे. मी घरातला पहिला पदवीधर झालो, पुस्तके वाचली, साहित्य कशाला म्हणतात ते शिकलो, आणि त्या शिकण्याच्या जोरावर माझ्याच आजीला नापास करून बसलो. हे कसे झाले? माझ्या हातातल्या लाल पेनात ही अभिरुची कोणी भरली? हा प्रश्न माझ्या एकट्याचा असता तर मी तो घरातच सोडवला असता. पण महाराष्ट्रात गावोगाव मराठी शिकवणारे माझ्यासारखे शेकडो शिक्षक आज आहेत, म्हणून तो येथे मांडतो आहे.

२

मराठीतील रानलेखन ही समृद्ध परंपरा आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले आणि बारा महिन्यांत सृष्टीत काय काय घडते याकडे पाहण्याची दृष्टी मराठी वाचकाला मिळाली. गो. नी. दांडेकरांनी गडकोट पायाखाली घातले, आणि त्यांचे वाचून एक पिढी पाठीवर पिशवी टाकून घराबाहेर पडली. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'मध्ये (१९८२) वानरांच्या टोळीतला सत्तेचा झगडा आहे. माणसाच्या राजकारणाचा शब्दही न उच्चारता तो आपल्याला राजकारण शिकवून जातो. मारुती चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते. नवेगाव, नागझिरा, मेळघाट येथे त्यांनी आयुष्य घालवले, आदिवासींकडून पाखरांची, झाडांची, जनावरांच्या सवयींची नावे गोळा केली आणि ती मराठीत आणली. १८ जून २०२५ रोजी ते गेले, तेव्हा मराठीतला एक शब्दकोशच मिटला असे मला वाटले. या सर्वांकडून मी शिकलो आहे. त्यांना नाकारण्यासाठी हा लेख नाही.

परंतु परंपरेचे ऋण मानणे वेगळे आणि तिच्यापुढे प्रश्न न ठेवणे वेगळे. रानावरचे कोणतेही पुस्तक हाती आले की मी आता तीन प्रश्न विचारतो. ओझे कोणाच्या डोक्यावर आहे? पाणी कोणाचे आहे? आणि जनावर समोर आले तेव्हा भीती कोणाच्या वाट्याला आली?

पहिला प्रश्न घेऊ. सर्वसाधारण भटकंतीच्या लेखनात, म्हणजे दिवाळी अंकांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतून जे छापून येते त्यात, एक वाटाड्या हमखास असतो. तो काटक असतो, अबोल असतो, त्याचे दात शुभ्र असतात, त्याच्या घरची भाकरी गोड लागते. लेखक त्याच्या घोंगडीचे वर्णन करतो, त्याच्या मजुरीचे करत नाही. तो कोणाची जमीन कसतो, त्याचे घर गावात आहे की गावाबाहेर, पावसाळ्यात भटके येत नाहीत तेव्हा तो काय खातो, हे लेखात नसते. त्याच्या भोळेपणाची स्तुती होते. पण माणसाला भोळे ठरवले की त्याचे म्हणणे ऐकण्याची गरज उरत नाही, हे आपल्या समाजाला चांगले ठाऊक आहे.

चितमपल्लींचे या बाबतीत वेगळे आहे. त्यांच्या पानांत आदिवासी हा जाणकार म्हणून येतो, ही मोठीच गोष्ट आहे. तरीही एक अंतर राहते. रानाचा कायदा ज्याच्या हातात आहे आणि ज्याच्यावर तो चालवला जातो, असे दोघे एका शेकोटीशी बसले तरी दोघांना दिसणारे रान एक नसते. अधिकाऱ्याने आपल्या बाजूचे रान प्रामाणिकपणे लिहिले. दुसऱ्या बाजूचे रान शेकोटीशी बसलेल्या त्या दुसऱ्या माणसानेच लिहायला हवे होते. त्याच्या हातात लेखणी नव्हती याचा जाब चितमपल्लींना विचारता येणार नाही. तो समाजाला विचारावा लागेल.

भाषेकडेही पाहावे. 'भटकंती' हा शब्द आज मराठीत किती आनंदाचा झाला आहे! त्याच धातूपासून झालेला 'भटक्या' हा शब्द मात्र जातींच्या यादीत आहे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि ज्यांच्यावरचा तो शिक्का १९५२ साली उतरला, त्या माणसांचे भटकणे हजेरीच्या वहीत लिहिले जात होते. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) हे पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालणाऱ्यांचेच पुस्तक आहे. पण मराठी प्रवासवर्णनाच्या कोणत्या यादीत ते आढळते? एकाच्या पायांना चालणे हा छंद आणि दुसऱ्याच्या पायांना तो संशय, हे आपण भाषेतच मान्य करून टाकले आहे.

जनावराचेही तसेच. भटकंतीच्या लेखकाला वाघ 'दर्शन देतो', गव्यांचा कळप 'दर्शन देऊन' जातो. माझ्या विद्यार्थिनीच्या वहीत गवा 'आडवा येतो'. देवाचे दर्शन घ्यायला माणूस घरातून ठरवून निघतो आणि घेऊन घरी परततो. आडवे जे येते ते कामाच्या वाटेवर येते. ही दोन क्रियापदे दोन वर्गांची आहेत, आणि आपली पाठ्यपुस्तके फक्त पहिल्याच क्रियापदाला साहित्य समजतात.

३

दुसरा प्रश्न पाण्याचा. येथे मला बाबासाहेबांनी स्वतः सांगितलेला एक प्रसंग आठवतो. चवदार तळ्याचा संगर आपल्याला तोंडपाठ असतो. हा प्रसंग मात्र आपल्या समीक्षेत फारसा येत नाही.

१९३४ साली चळवळीतल्या काही सहकाऱ्यांनी इच्छा व्यक्त केली की बाबासाहेब बरोबर असतील तर सहलीला जाऊ. निदान वेरूळची बौद्ध लेणी तरी पाहावीत असे ठरले. सुमारे तीस माणसे मोटारीने निघाली. वाटेत आपण कोण हे सांगायचे नाही असा बेत करावा लागला, कारण सांगितले की उतरायला जागा मिळत नसे. औरंगाबादच्या बाजूला, तेव्हाच्या निजामी मुलखात, ही मंडळी दौलताबादचा किल्ला पाहायला पोहोचली. दिवस रमजानचे होते. अंगावर, तोंडावर, कपड्यांवर रस्त्याची धूळ होती. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेला एक लहान हौद होता. काहींनी त्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले आणि सर्वजण दरवाजाशी गेले. इतक्यात मागून एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत आले की यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या, हातघाईची वेळ आली. एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही हे पाणी घेऊ देणार नाही काय, असे बाबासाहेबांनी विचारले, तेव्हा जमाव गप्प झाला. शेवटी किल्ल्यात जाण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर : आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही. अट पाळली जाते की नाही हे पाहायला बरोबर एक हत्यारबंद शिपाई देण्यात आला.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हा प्रसंग आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली त्या पुस्तिकेच्या रूपाने छापल्या. अस्पृश्यता धर्माची वेस ओलांडूनही माणसाचा पाठलाग करते, हे दाखवण्यासाठी बाबासाहेबांनी तो नोंदवला. माझ्या विषयाच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट आहे. ही माणसे सभेला निघाली नव्हती, सत्याग्रहाला निघाली नव्हती. ती पाहायला निघाली होती. डोंगर, किल्ला, लेणी डोळे भरून पाहावीत एवढीच त्यांची इच्छा होती, आणि चळवळीचा नेता आपल्या कामातून वेळ काढून त्या इच्छेसाठी त्यांच्याबरोबर गेला. पाहण्याची हौस ही चैन आहे, ती आपल्यासाठी नाही, असे बाबासाहेबांनी मानले नाही.

मराठीत किल्ल्यांवर शेकड्यांनी लेख आहेत. गडावरच्या टाक्यांचे गार पाणी पिऊन शीण कसा गेला, हे वाक्य त्यांत पुन्हा पुन्हा येते. ते खोटे नाही, टाक्याचे पाणी खरेच गार असते. परंतु ज्यांच्याबरोबर शिपाई चालत होता त्या तीस माणसांची किल्ल्यावरची ती फेरी हेही मराठी दुर्गभ्रमणच आहे. दुर्गसाहित्याच्या इतिहासात तिला पान का नाही? इतिहासकाराला ती ठाऊक नव्हती म्हणून, की पाण्याला हात न लावता केलेले भ्रमण त्याच्या व्याख्येत बसत नाही म्हणून?

४

गिरिभ्रमण करणाऱ्याला अकोले तालुका माहीत नाही असे होत नाही. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) तेथे आहे, हरिश्चंद्रगड आहे, रतनगड आहे, भंडारदऱ्याचे पाणी आहे. पावसाळ्यात मुंबई-पुण्याहून माणसांची रीघ लागते, आणि त्यावर दरसाल लिहिले जाते.

याच अकोले तालुक्यातल्या धामणगावात १९३५ साली दया पवार जन्मले. 'बलुतं' (१९७८) हे पुस्तक एका बाजूला मुंबईच्या कावाखान्यात आणि दुसऱ्या बाजूला या गावच्या महारवाड्यात घडते. अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्याच्या त्याच डोंगराळ मुलखाचे हे दोन वाङ्मय आहेत, पण ते एकमेकांना ओळखत नाहीत. भटकंतीच्या लेखकाने अकोल्याचे शिखर पाहिले, पायथ्याचा वाडा पाहिला नाही. आणि आपण 'बलुतं' वाचताना वाडा पाहिला. त्या वाड्यातून वर पाहिले तर सह्याद्रीची कोणती भिंत दिसते, हे विचारायचे आपल्याला सुचले नाही.

गो. नी. दांडेकरांची 'माचीवरला बुधा' (१९५८) ही कादंबरी 'बलुतं'च्या शेजारी ठेवून वाचावी असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. बुधा मुंबई सोडून राजमाचीवर परततो, माणसांपासून दूर, झाडापाखरांत एकटा राहतो. कादंबरी सुंदर आहे. पण दया पवारांची माणसे नेमकी उलट्या दिशेने चालत असतात. ती गाव सोडून मुंबईला जातात, कारण गावात बलुत्याचे तुकडे आहेत, सांगकाम्याची धावपळ आहे, मेलेले ढोर आहे. गाव सोडा, शहराकडे चला, असे बाबासाहेबांनी सांगितले ते यासाठीच. बुधाच्या परतण्यात जी शांती आहे ती कोणाला परवडते? ज्याला डोंगराने कधी अपमान केला नाही त्याला. खरे म्हणजे अपमान डोंगर करत नसतो. पायथ्याचे गाव करते. आणि डोंगराकडे जाणारी प्रत्येक वाट गावातूनच जाते.

५

आता तिसरा प्रश्न, भीतीचा. त्यासाठी आजऱ्यालाच परत येतो.

आमच्या तालुक्याची हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात उगम पावते आणि रामतीर्थाशी खडकावरून उडी घेते. पावसात तेथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. आंबोलीच्या उगमावर २०२० साली माशाची एक नवी जात जगाला कळली, तिला नदीचेच नाव मिळाले आणि २०२१ मध्ये शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बोटभर माशासाठी एवढे झाले याचा मला आनंदच आहे. ज्या समाजाला पाण्यासाठी लढावे लागले, त्याला पाणी जपण्याचे महत्त्व शिकवावे लागत नाही.

गवा येथे पूर्वीपासून आहे. उत्तरेला राधानगरी-दाजीपूरचे रान संस्थानच्या काळात राजाचे शिकारीचे रान होते. १९५८ साली ते गव्यांचे अभयारण्य झाले, महाराष्ट्रातले पहिले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद झाली. माझे आजोबा सांगत की साहेबलोकांच्या शिकारीच्या वेळी रान उठवायला आमच्या माणसांना नेत. डबे वाजवत, ओरडत, ओळीने झाडीत शिरायचे आणि जनावर बंदुकीच्या तोंडाशी आणायचे. बंदूक मचाणावर असे, माणूस जमिनीवर. मराठीत शिकारकथा भरपूर आहेत. त्या सर्व मचाणावरून लिहिलेल्या आहेत. हाका घालणाऱ्याने लिहिलेली शिकारकथा माझ्या वाचनात नाही.

हत्ती मात्र नवा. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून तो सिंधुदुर्गात उतरला आणि पुढे चंदगड-आजऱ्याकडे आला. तिकडचे त्याचे रान धरणांनी, खाणींनी, शेतीने तुटत गेले हे त्याच्या स्थलांतरामागचे कारण सांगितले जाते. म्हणजे तोही एक विस्थापितच. ऊस, केळी, भात, काजूची बाग, जे समोर येईल ते तो खातो, मोडतो. वृत्तपत्रांत बातमी येते, पंचनामा होतो, भरपाई मिळते. ती सातबारावर ज्याचे नाव आहे त्याला मिळते, आणि मिळायलाच हवी, कारण लहान शेतकऱ्याचे वर्ष त्या एका रात्रीत बुडते. पण त्या शेतात भांगलणीला जाणाऱ्या बाईची मजुरी बुडाली, तिचे काय? हत्ती असल्याच्या बातमीने आठ दिवस जळणाला जाता आले नाही, करवंदे-हिरडा-शिकेकाई वेचता आली नाही, त्याचा पंचनामा कोणत्या रकान्यात बसतो? तिच्याकडे सातबारा नाही. ज्याच्याकडे कागद नाही त्याचे नुकसानही नाही, असा हा हिशेब आहे.

साहित्याचा हिशेबही असाच आहे. हत्तीच्या राजसपणावर लेख आले. हत्तीच्या उपद्रवावर बातम्या आल्या. भाऱ्याखालच्या बाईला, जिला मान वळवता येत नाही, तिला मागून येणारा हत्ती कसा कळतो, यावर कोणी लिहिले नाही. ते लिहिले असते तर रानातल्या आवाजांचे, वासांचे, मोडलेल्या फांदीच्या ओलेपणाचे असे ज्ञान मराठीत आले असते की जे दुर्बिणीला मिळत नाही. माझ्या विद्यार्थिनीने सव्वा पानात त्याची सुरुवात केली होती. पुढच्या बाईने चालायचे, मागच्या बाईने बघायचे, हे निसर्गनिरीक्षण नाही तर काय आहे? मी त्याला विषयांतर म्हटले.

एक गैरसमज होऊ नये. वन्यप्राणी नकोत, कायदा नको, असे माझे म्हणणे नाही. बाईला गव्याविषयी द्वेष नाही. तिच्या लेकीने 'वाट त्याला द्यायची' असे लिहिले आहे. रानात शिरताना जनावराचा हक्क मान्य करणारे वाक्य एवढ्या साधेपणाने सांगितलेले मी दुसरीकडे वाचलेले नाही. प्रश्न एवढाच की जनावराला वाट देणाऱ्या या माणसाला समाजाने कोणती वाट दिली.

६

येथवर दोष प्रस्थापितांचा सांगितला. आता आपला.

दलित साहित्याने निसर्गाकडे पाठ फिरवली, आणि ती योग्य कारणासाठी फिरवली. पोटात भूक असताना चांदण्यावर कविता करा म्हणणाऱ्या अभिरुचीला नकार देणे आवश्यक होते. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) पासून नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' (१९७२) पर्यंत आपले साहित्य शहराच्या तळात आणि गावाच्या कडेला उभे राहिले, आणि त्याने मराठीचा चेहरा बदलला. तो नकार मागे घ्या असे मी म्हणत नाही. पण नकार देता देता आपण एक चूक केली. निसर्ग 'त्यांचा' विषय आहे असे आपणही मानून बसलो. डोंगर आपण त्यांच्या नावावर करून दिला. दौलताबादच्या शिपायाने पाणी नाकारले. येथे आपणच पाण्याला हात लावायचे सोडून दिले.

वास्तविक आपला डोंगराशी संबंध जुना आहे. गावकीची कामे करताना रात्रीबेरात्री रानवाटेने टपाल, सांगावा, मयताची बातमी घेऊन कोण जात होते? १९५८ च्या कायद्याने ही वतने संपली, पण त्या वाटा पायांच्या आठवणीत आहेत. शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ'मध्ये (१९८१) बापाची तराळकी आहे. ती अपमानाची कथा म्हणून आपण वाचली, आणि ती तशीच आहे. पण अंधारात एकटा माणूस मैलोगणती चालतो तेव्हा त्याला रान ठाऊक झालेले असते, हेही तीत वाचता येते. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखांनी माणसे तुरुंगात गेली. पडीक आणि जंगलजमीन भूमिहीनांना कसायला द्या ही त्यातली मागणी होती. म्हणजे आपल्या चळवळीने डोंगराकडे मागणी म्हणून पाहिले होते. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. त्यात आदिवासी नसलेल्या वननिवासीने तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा द्यायचा आहे. ज्यांच्या पिढ्या कोणी लिहूनच ठेवल्या नाहीत त्यांनी पुरावा कोठून आणावा? साहित्य हा कोर्टातला पुरावा नव्हे, हे मला कळते. पण जे कोठेच लिहिलेले नाही ते नव्हतेच असे म्हणणे सोपे जाते, हेही कळते.

अलीकडे आमच्याच जिल्ह्यातल्या कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण' या कादंबरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणाने उठलेल्या गावातला माणूस मागे राहून रानटी बनलेल्या म्हशीचा माग काढत रानात जातो. ही भटकंती नव्हे, आणि तरीही माणूस-जनावर-रान यांची अशी गाठ मराठीत क्वचित पडली आहे. विस्थापनाचे दुःख आणि रानाचे ज्ञान एकाच वाक्यात राहू शकतात, हे या कादंबरीने सिद्ध केले. दलित लेखकाला यातून शिकण्यासारखे आहे. वेदना लिहायची म्हणजे सृष्टीकडे डोळेझाक करायची असे नाही. वाळलेले लाकूड छान दिसते या वाक्यात भूकही आहे आणि सौंदर्यही आहे. आपली समीक्षा दोन्ही एकदम पाहायला शिकलेली नाही.

७

मी त्या मुलीला वही परत मागितली. गुण बदलले, शेरा खोडला, आणि वर्गात तिच्या परवानगीने निबंध वाचून दाखवला. वर्ग शांत होता. मग मागच्या बाकावरचा धनगरवाड्यातला एक मुलगा म्हणाला, "सर, असलं चालतं व्हय? मग आमच्याकडं लई हाय." त्याने पुढच्या आठवड्यात बिबट्याने नेलेल्या शेळीवर आणि त्या रात्री जागलेल्या बापावर लिहून आणले. एका मुलीने पुराच्या दिवसांत नदीपलीकडे अडकलेल्या आईवर लिहिले. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. सूर्योदय एकातही नव्हता.

डिसेंबरात आम्ही वर्गासकट डोंगरात गेलो. वाट तिला ठाऊक होती, म्हणून ती पुढे चालली. वर पोहोचल्यावर ती बराच वेळ काही न बोलता दरीकडे पाहत उभी होती. मी विचारले, "काय बघतेस?" ती म्हणाली, "सर, भारा नसला की मान वळते. एवढं कधी बघितलंच नव्हतं."

दौलताबादला निघालेल्या त्या तीस माणसांना हेच पाहायचे असणार. आपल्या विद्यार्थ्यांना, कार्यकर्त्यांना, आयाबहिणींना ते पाहता आले पाहिजे, आणि जे पाहिले ते त्यांच्याच शब्दांत लिहिता आले पाहिजे. शिक्षक मित्रांना माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी अशी सव्वा पानाची वही हाती आली तर लाल पेन जरा बाजूला ठेवून ती पुन्हा वाचा.